हात न उचलता

"थप्पड नाही मारायची," असं म्हणत तिने पैलवानाचा उगारलेला हात धरून खाली केला.

पैलवान म्हणजे काडीसारखा पोरगा, नाटकात तिचा बाप. तिला वर्गात सगळे वकीलबाई म्हणत, कारण वाद घातल्याशिवाय तिला घास उतरत नसे. नाटकाचा विषय होता हिंसा आणि प्रसंग तिनेच लिहिला होता. घरातले जेवायला बसलेत, मुलगी मीठ मागते, कुणी देत नाही, कुणी तिच्याकडे बघतही नाही. संपलं.

"अगं, पण यात हिंसा कुठेय?" सर वैतागले. "एक थप्पड घाल, म्हणजे लोकांना कळेल तरी."

"उद्या पहिल्या रांगेत माझे बाबा असतील, सर. थप्पड घातली तर ते निवांत टाळ्या वाजवतील. त्यांनी मला कधी बोट लावलेलं नाही."

"मग रडतेस कशाला?" पैलवान म्हणाला. "आमच्या लोकांत बाप दोन ठेवून देतो आणि तासाभराने हाक मारतो, चल जेवायला. मिटलं. तुमच्याकडे तर आवाजसुद्धा चढवत नाहीत. मजा आहे बुवा!"

"बस तर खरा. मी काहीही बोलले तरी तू गप्प."

दोघं बसले. तिने मीठ मागितलं. मग शाळेतली गंमत सांगितली. मग ताप आल्यासारखं वाटतंय म्हणाली. पैलवानाचे कान लाल झाले. ती पुन्हा "बाबा" म्हणाली, तशी त्याने मिठाची बरणी तिच्यापुढे आदळली.

"घे बाई! नाही जमत मला. सर, त्यापेक्षा मारतो. ते सोपंय."



तेवढ्यात तिला न्यायला वडील दारात आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. उलट बोलली म्हणून गेला महिनाभर त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. ती समोर असूनही ते सरांकडे वळले.

"सर, तिला सांगा, मी खाली थांबलोय."



"काका, ही काय समोर आहे ती," पैलवान म्हणाला. "तुम्हीच सांगा की."

वडील घड्याळाकडे बघत राहिले. तिला रडू फुटत होतं, पण यांच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं. तिने एक खुर्ची फरफटत नेऊन त्यांच्यापुढे ठेवली.

"सर, परत पहिल्यापासून घेऊ. बसा, बाबा. बोलायचं काही नाही. नुसतं बघायचंय."