बरोबर उत्तरं

सत्तावीस वर्षांत मी फळ्यावर एक अक्षर चुकीचं लिहिलेलं नाही. ही बढाई नाही, खोड आहे. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तरी माझ्या हाताला खाज सुटते. घरी नवरा म्हणायचा, तू झोपेतसुद्धा लाल शाई घेऊन हिंडत असशील. या खोडीचा मला अभिमान होता. तीच एक दिवस कुणाच्या मुळावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी शाळेत टॅबलेट आले, प्रत्येक मुलामागे एक. माझ्या चौथीच्या वर्गात अडतीस मुलं, अडतीस टॅबलेट आणि भिंतीत प्लगच्या जागा दोन. त्यातली एक पंख्याची. पंखा हवा की शिक्षण हवं, हे रोज सकाळी ठरवावं लागायचं. नियम असा होता की प्रत्येक मुलानं रोज वीस मिनिटं त्यावर वाचनाचे धडे सोडवायचे. कपाट उघडायचं, टॅबलेट वाटायचे, प्रत्येकानं आपला नंबर टाकायचा, अर्ध्यांनी तो विसरायचा, मग पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहायचं. ते थांबेपर्यंत तास संपलेला असायचा.

दर शनिवारी वरच्या ऑफिसातून यादी यायची. वीस मिनिटं भरलेली मुलं हिरवी, न भरलेली लाल. माझा वर्ग सलग चार शनिवार लाल होता. यादी सगळ्या शिक्षकांना एकदमच जायची, त्यामुळे लाज वाटण्यातही गुपित काही नव्हतं.

"बाई, तुमच्यामुळे अख्खी शाळा लाल दिसतेय," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, टॅबलेट चालत नाहीत त्याला मी काय करू?"

"बाकीच्यांचे कसे चालतात?"

बाकीच्यांचे कसे चालतात ते मला शेजारच्या वर्गाच्या गणिताच्या सरांनी दाखवलं. शाळा सुटली की ते टॅबलेटची चळत पुढ्यात घ्यायचे आणि एका हाताने शेंगदाणे खात दुसऱ्या हाताने दिसेल तिथे बोट मारायचे. डोळे खिडकीबाहेर.

"उत्तर बरोबर आहे की चूक, ते बघायचंच नाही," ते म्हणाले. "त्याला मिनिटं हवीत, आपण मिनिटं द्यायची. कुणाचं काय जातंय?"

मी नाक मुरडलं. आणि पुढच्या सोमवारपासून मीही बसायला लागले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि दर शनिवारी लाल व्हायचा कंटाळा आला होता.

पण मला सरांसारखं जमेना. चित्रात घोडा आहे आणि खाली तीन शब्द आहेत, तर माझं बोट घोड्यावरच जायचं. मुद्दाम गाढवावर न्यावं म्हटलं तरी हात धजायचा नाही. सत्तावीस वर्षांची सवय अशी एका दुपारीत सुटते थोडीच? शिवाय बरोबर उत्तर दिलं की टॅबलेटमधून एक गोड आवाज म्हणायचा, "शाब्बास! तू खूप हुशार आहेस!" खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. नोकरी लागल्यापासून मला कुणी शाब्बास म्हटलेलं नव्हतं.

अडतीस टॅबलेटमध्ये एक गुंडीचा होता.

गुंडीची आई शर्टांच्या कारखान्यात गुंड्या लावायची. उरल्यासुरल्या गुंड्या लेकीच्या कपड्यांवर यायच्या, म्हणून तिच्या एका फ्रॉकवर पाच रंगांच्या पाच गुंड्या असायच्या, आणि वर्गानं तिचं नावच गुंडी ठेवलं होतं. पोरगी तल्लख. तोंडी गणितं वर्गात सगळ्यात आधी तिची व्हायची. पण नऊ वर्षांची झाली तरी वाचता येत नव्हतं. अक्षरं तिच्यापुढे आली की ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायची, आणि तिच्या बुटाला नाडी नव्हती.

अशा मुलांसाठी शाळेत वाचनवर्ग होता. बाहेरून एक तरुण बाई मंगळवारी आणि गुरुवारी यायच्या आणि कोठीशेजारच्या खोलीत सोळा मुलांना घेऊन बसायच्या. कुणाला पाठवायचं ते आम्ही शिक्षक ठरवायचो. गुंडीला मी पाच महिन्यांपूर्वी पाठवलं होतं, आणि पाच महिन्यांत तिला काना, मात्रा, वेलांटी यायला लागली होती. जोडाक्षरं तेवढी राहिली होती. वर्ष संपायला चार महिने होते. पाचवीला मुलं मोठ्या शाळेत जातात आणि तिथे वाचायला शिकवत नाहीत, वाचता येतं असं धरून चालतात. इथे आलं नाही तर या पोरीला कधीच येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी तिचा टॅबलेट हातात आला तेव्हा मी थांबले होते. 'मुलगी झाडाखाली बसली', यातलं चित्र कोणतं? गुंडी काय करेल ते मला माहीत होतं. ती 'मुलगी'पर्यंत जाईल, 'झाडा'शी अडेल आणि भलत्याच चित्रावर बोट ठेवेल. एका उत्तरानं काय होतंय, म्हणत मी बरोबर चित्रावर बोट ठेवलं. मग पुढच्याही प्रश्नात. मग रोज.

तीन आठवड्यांनी माझा वर्ग शाळेतच काय, सगळ्या शाळांत पहिला आला. मुख्याध्यापकांनी ती यादी काचेच्या फ्रेममध्ये घालून ऑफिसात लावली. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात गणिताच्या सरांनी वाजवल्या आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले.

लगेचच्या सोमवारी वाचनवर्गाची नवी यादी आली. आता शिक्षकांनी नावं द्यायची नव्हती, टॅबलेटमधल्या उत्तरांवरून मशीनच ठरवणार होतं. माझ्या वर्गातलं एकही नाव त्यात नव्हतं. सोळाच्या सोळा मुलं गणिताच्या सरांच्या वर्गातली होती. त्यात आजोबांना रोज पेपर वाचून दाखवणारी एक मुलगीसुद्धा होती. ती पुढचे चार महिने मागच्या खुर्चीवर बसून घरून आणलेलं गोष्टीचं पुस्तक वाचत राहिली. सरांनी न बघता बोटं मारली, म्हणून त्यांच्या मुलांना मदत मिळाली. मी जीव लावून बरोबर उत्तरं दिली, आणि गुंडीची खुर्ची गेली.

मंगळवारी ती नेहमीसारखी वही घेऊन उठली आणि पाच मिनिटांत परत आली.

"बाई, माझी खुर्ची नाही."

"नाही म्हणजे?"

"त्या बाई म्हणाल्या, तुला आता येतं." मग तिनं विचारलं, "येतं का मला?"

मी तिला जागेवर बसायला सांगितलं आणि कोठीशेजारच्या खोलीत गेले. वाचनवर्गाच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "मी घेतली असती हो. पण दारात प्रत्येकाचा नंबर टाकावा लागतो. यादीत नसलेला नंबर टाकला की माझीच त्या दिवसाची हजेरी जाते."

तिथून मी मुख्याध्यापकांकडे गेले. दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं, की गुंडीची उत्तरं तिची नाहीत, माझी आहेत. त्यांनी मान वर केली नाही. कागदावर सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं.

"तसं लिहून द्या," ते म्हणाले.

"देते."

"पण एकीचं कसं चालेल? अडतीस जणांचं द्या. मग मी बाकीच्या वर्गांनाही विचारतो. मग ही फ्रेम उतरवतो, वर कळवतो, आणि आपण सगळेच घरी बसू. चालेल?"

मी फ्रेमकडे पाहिलं.

"एका मुलीसाठी?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "राहू द्या."

तुम्ही म्हणाल, मग बाई, तुम्हीच का नाही शिकवलंत? आई सुटेपर्यंत गुंडी तासभर शाळेच्या आवारातच थांबायची. तो तास पुरला असता. पण त्या तासात मी अडतीस टॅबलेटना बोटं मारत बसलेली असायचे. आता तर पहिला नंबर टिकवायचा होता. एकदा ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

"बाई, तो माझा आहे ना?"

"हो."

"मग मी करू?"

"नको. उशीर होतोय," मी म्हटलं. आणि खरंच उशीर होत होता, अजून सतरा राहिले होते.

तरी मी एक शहाणपणा केला. ठरवलं, की गुंडीची उत्तरं मुद्दाम चुकवायची. मशीनला दिसेल की हिला येत नाही, की आपोआप नाव यादीत जाईल. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चूक केली. घोड्याला गाढव म्हटलं. झाडाखाली बसलेल्या मुलीला नदीत पोहायला लावलं. तो गोड आवाज म्हणायचा, "अरेरे! पुन्हा प्रयत्न कर!" दहा दिवस मी त्याचं अरेरे ऐकलं. यादीत काही बदल झाला नाही.

अकराव्या दिवशी गुंडीची आई शाळेत आली. ऑफिसाच्या दाराशी कारखान्याचा एप्रन घालूनच उभी होती, अर्धा दिवस रजा टाकून. मला बोलावणं आलं. आत मुख्याध्यापक होते, आई होती आणि भिंतीला चिकटून गुंडी होती. तिचा डावा गाल लाल होता.

आईनं फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. तोच गोड आवाज आला. "आपल्या पाल्याला वाचन उत्तम येते. सध्या ती जाणीवपूर्वक लक्ष देत नाही. कृपया घरी समज द्यावी."

मशीनला मी फसवायला गेले होते. तीन आठवडे सगळं बरोबर, मग दहा दिवस सगळं चूक. त्याला त्याचा एकच अर्थ लागला होता.

"काल तीनदा ऐकलं मी हे," आई म्हणाली. "हिला म्हटलं वाच, तर वाचेना. रडायला लागली, मला येत नाही म्हणाली. मशीन खोटं बोलेल का? मारलं मी तिला. हात उचलत नाही मी बाई, कधी नाही. पण मी तिकडे बोटं भोसकून घेते आणि ही येत असून करत नाही म्हटल्यावर..." एप्रनच्या टोकानं तिनं नाक पुसलं. "मला वाचता येत नाही. सही तेवढी येते. तुम्ही सांगा, बाई. तुम्ही सांगाल ते खरं. हिला येतं की नाही?"

मुख्याध्यापक त्यांच्या चष्म्याची काच पुसत होते. फ्रेम त्यांच्या मागे भिंतीवर होती. मला फक्त एक शब्द बोलायचा होता, दोन अक्षरी. तो मी फळ्यावर हजार वेळा लिहिला असेल.

"येतं," मी म्हणाले. "घाबरते जरा."

गुंडीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी सहन केलं असतं. तिनं फक्त पाहून घेतलं, की बाई आता काय म्हणतायत ते आपण म्हणायचं आहे. खिडकीतून तिनं सगळं बघितलं होतं, तिला काही सांगायची गरज नव्हती.

"येतं मला, आई," ती म्हणाली. "मी लक्ष देत नव्हते."

मुख्याध्यापकांनी लगेच एक कागद पुढे सरकवला. "झालं तर मग. इथे सही करा."

"काय आहे हे?" आईनं विचारलं आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. कागद तिनं लेकीच्या हातात दिला. "तूच वाच की. वाच, मला ऐकू दे."

कागदावर लिहिलं होतं, की माझ्या मुलीला वाचनवर्गाची आवश्यकता नाही आणि यापुढे माझी त्याबाबत तक्रार राहणार नाही. चार ओळी होत्या, जोडाक्षरांनी भरलेल्या. गुंडीनं कागद नीट धरला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत, मी वर्गात वाचते तशा ठाशीव आवाजात म्हणाली:

"आपल्या पाल्याला वाचन उत्तम येते. सध्या ती जाणीवपूर्वक लक्ष देत नाही. कृपया घरी समज द्यावी."

शब्द संपले तेव्हा तिचं बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. तिनं घाईघाईनं ते शेवटपर्यंत नेलं.

मुख्याध्यापकांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही तोंड उघडायला वेळ होता, भरपूर होता. फोनवरचंच कागदावर उतरवलंय असं समजून आई पेन शोधत होती, मुख्याध्यापकांनी आपलं दिलं, तिनं टोपण काढलं, एकेक अक्षर जोडत सही केली. एवढ्या वेळात माणूस काय वाटेल ते बोलू शकतो. मी बोलले नाही.

आईनं लेकीच्या लाल गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली, तिचे डोळे भरून आले होते.

"तुमचे उपकार आहेत बाई," ती म्हणाली. "आमच्या घरात वाचणारी ही पहिली. तुम्ही शिकवलंत हिला."

मी मान हलवली.