शेंदराखालची ओळ

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी फळी आहे. मला पोथीसाठी घडवलं होतं. बंगालात अजय नदीच्या काठच्या आमच्या गावात एका सुताराने एकाच ओंडक्यातून आम्हा दोघींना कापलं. एक पोथीच्या वर, एक पोथीच्या खाली. वरच्या फळीवर चिताऱ्याने नागांच्या आसनावर बसलेली मनसादेवी रंगवली. मी खालची. माझ्यावर केळीच्या खुंटांचा तराफा रंगवला आणि त्यावर देवीच्या कथेतली, साप चावून मेलेल्या नवऱ्याचा देह घेऊन बसलेली बाई. आमच्या मधोमध मनसादेवीच्या गाण्यांची पिवळी पानं असत. वरून लाल कापड बांधलेलं असे.

ही पोथी गायेन घराण्याची. दर श्रावणात तिची पूजा व्हायची आणि ती गायली जायची. माझ्या आठवणीतला शेवटचा गाणारा भुबन गायेन. त्याची बायको निस्तारिणी. तिला वाचता येत नव्हतं, पण पोथीला चंदन आणि शेंदूर लावायचा मान तिचा. ती बोट बुडवून पानापानाला टेकवायची. पोथी म्हणजे देवीच, आणि देवीला शेंदूर लावताना खाली अक्षर आहे की कोरी जागा, हे कोणी बघत नसे. तिच्या आधीच्या सुनांनीही तसंच केलं होतं. वर्षं गेली तशी पानं एकमेकांना चिकटली आणि पुष्कळ अक्षरं लाल रंगाखाली गेली.

एके वर्षी प्रीतिकणा भादुडी आमच्याकडे आल्या. त्या कॉलेजात बंगाली शिकवायच्या आणि सुट्टीत गावोगाव पायी हिंडून जुन्या पोथ्या आणि लोकांची गाणी गोळा करायच्या. सगळे त्यांना दिदिमणी म्हणत; आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना तसंच म्हणतात.

"बाबा, एकदा पानं बघू द्या. हात धुऊन आलेय," त्या म्हणाल्या.

"नुसते हात धुऊन काय होतंय? नदीत अंघोळ केलीत?"

"सकाळीच केली."

"सकाळची अंघोळ दुपारी चालत नाही."

चुलीपाशी निस्तारिणी हसू लागली. "त्यांचं काय ऐकता, दिदिमणी? थंडीत यांना अंघोळीला ढकलत न्यावं लागतं. या, कुरमुरे खा. गूळ यंदाचाच आहे."

दिदिमणी रागावल्या नाहीत. निस्तारिणीशेजारी बसून त्यांनी भात कांडतानाची गाणी उतरवून घेतली. मग त्या दर सुट्टीत येऊ लागल्या. पोथी मात्र भुबनने त्यांना उघडून दाखवली नाही.

माघात निस्तारिणी तापाने गेली.

त्यानंतर घरात आवाज राहिला नाही. भुबन एकट्यापुरता भात टाकायला बसे आणि सवयीने दोघांचा टाकी. उरलेला कावळ्यांना घाली. मुलगा दुर्गापूरला कारखान्यात होता. त्याला गाणं येत नव्हतं, त्याला त्यात गोडीही नव्हती. श्रावण आला तेव्हा दिदिमणी आल्या. भुबन ओसरीवर आम्हाला मांडीवर घेऊन बसला होता.

"उद्या नदीत सोडणार," तो म्हणाला. "माझ्यामागे गाणारा नाही, शेंदूर लावणारी गेली. देवीला घरात उपाशी ठेवू का?"

आमच्याकडे ही रीतच होती. वारस नसलेली पोथी मूर्तीसारखी पाण्यात सोडायची. अशा किती पोथ्या त्या नदीने नेल्या, कोणाला ठाऊक.

दिदिमणींनी वाद घातला नाही. "सोडा," त्या म्हणाल्या. "पण आधी एकदा गा. मी लिहून घेते."

भुबनने आम्हाला मांडीवरून खाली ठेवलं. मग त्याने गाठ सोडली. दिदिमणी बांबूच्या पातळ कामटीने एकेक पान सोडवत होत्या. तो गात होता, त्या लिहीत होत्या. शेंदराखालचं तो पाठ म्हणायचा. बरेच दिवस काम चाललं. त्याचा आवाज आधी खरखरीत होता, मग मोकळा झाला. मला वाटलं, घर पुन्हा भरलं.

एका पानावर तो थांबला आणि त्याने चुलीकडे पाहिलं. चूल विझलेली होती.

"इथली ओळ ती म्हणायची," तो म्हणाला. "मी इथे दम घ्यायचो आणि ती तिकडून उचलायची. मला पाठ करायची वेळच आली नाही."

दिदिमणींनी पान उजेडाला धरलं. ओळ शेंदराच्या ठिपक्याखाली होती. त्यांनी पिशवीतून कापूस काढला. "अलगद पुसलं तर अक्षर दिसेल कदाचित."

"ते तिचं बोट आहे, दिदिमणी."

त्यांनी वाकून पाहिलं. शेंदरात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. त्यांनी कापूस पिशवीत परत ठेवला.

"ओळ दुसऱ्या गावच्या पोथीत सापडेल, बाबा. हे बोट कुठे सापडणार?"

"आणि ओळ नाहीच सापडली तर?"

"तर माझ्या कागदावर तेवढी जागा कोरी राहील."

भुबनने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "तुमच्याकडे कोणी पुसणार नाही ना हे?"

"मी आहे तोवर नाही. माझ्या मागून येणाऱ्यांसाठीही तसं लिहून ठेवीन."

तेव्हा त्याने पानं नदीऐवजी त्यांच्या हातात दिली. वरची फळीही दिली. मला मात्र त्याने काढून घेतलं. "ही राहू दे. नमस्कार करायला काहीतरी हवं."

"जोड मोडेल, बाबा."

"मोडलेलीच आहे," भुबन म्हणाला.

पानं वाचली, मित्रांनो. त्याचा मला आनंद आहे. पण पाठीवर ओझं नसण्याची सवय मला अजून झालेली नाही. भुबन होता तोवर दर श्रावणात आपल्या जाड बोटाने मला शेंदूर लावायचा आणि माझ्यासमोर गप्प बसून राहायचा. मग तोही गेला. मुलाने घर आवरलं तेव्हा माझ्यावरचं चित्र काळं पडलेलं होतं. लाकूड चांगलं म्हणून त्याने मला तांदळाच्या मडक्यावर झाकण केलं. माझी तक्रार नाही. वाळवीपेक्षा हे बरं.

दिदिमणींना ती ओळ दुसरीकडे मिळाली का, हे मला कळलेलं नाही. दुपारी घर सामसूम झालं की मी ती आठवू पाहते. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी पोथी असेल तर तिला शेंदूर कापडावरून लावा, आणि वर्षातून एकदा तरी ती उघडून मोठ्याने वाचा. घरात कोणाला काही पाठ असेल तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. आमच्या घरी ती ओळ म्हणायला निस्तारिणी होती, म्हणून दुसऱ्या कोणीच ती पाठ केली नाही. तुम्ही विचारून घ्या.