बुन्येच्या हातचं मियोक

मी मियोक बोलतोय. समुद्रातल्या खडकांवर वाढणारी काळपट हिरवी पालेभाजी म्हणा हवं तर. तुम्ही शेवाळ म्हणून नाक मुरडाल. पण आमच्या कोरियात बाई बाळंत झाली की तिच्यापुढे आधी माझं सार येतं. अंगात रक्त भरतं, दूध उतरतं, म्हणून तीन आठवडे तेच. बाळंतिणी कंटाळतात, पण वाटी रिकामी करतात.

दक्षिणेकडच्या एका लहानशा बेटावर मी वाढलो. बुन्येने मला कापलं. ओहोटीला ती निसरड्या खडकावर उतरायची आणि लाट मागे सरली की झपाझप विळा चालवायची. मला उन्हात लांबच लांब पसरताना ती नवऱ्याला म्हणाली, "हे आपल्या दाउनच्या बाळंतपणाला. दुमडू नका हं, नाहीतर बाळ अडतं."

"अगं, पोरीचं लग्न होऊन महिना नाही झाला," सांगहो हसला.

"म्हणून काय झालं? आपण तयारीत असावं."

त्याच वर्षी हिवाळ्यात बुन्ये तापाने गेली. सांगहोने मला माळ्यावर आडवं ठेवलं आणि उंदरांपासून जिवापाड जपलं.

दाउनचे दिवस भरत आले तसा तो मला घेऊन शहराकडे निघाला; आधी होडी, मग बस. त्याच्यापेक्षा मीच लांब. बसचा ड्रायव्हर वैतागला. "काका, दुमडा की ते जरा. दार लागत नाहीये."

"बाळंतपणाचं आहे हो."

एवढं ऐकताच अख्ख्या बसने पाय आखडून घेतले. एका आजीबाईंनी तर माझं टोक पोचेपर्यंत मांडीवर धरलं. अशी माणसं पाहिली की मला आपलं असणं आवडतं.

दाउनला मुलगी झाली, सुखरूप. ती घरी आली तेव्हा सांगहोने मला भिजवायला पाणी काढून ठेवलं होतं.

"थांबा बाबा, हे मोडायचं नाही," ती म्हणाली. "दुकानातलं आणा. आईच्या हातचं हे शेवटचं आहे. मी काचेत लावून ठेवणार."

खरं सांगतो, क्षणभर मी फुशारलो. मग दाउनकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, कडेला बाळ भुकेने रडतंय. काचेत बसून मी हिच्या काय कामाचा?

सांगहो मुळात अबोल माणूस. पाण्याचं पातेलं त्याने तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "तुझी आई काय भिंतीवर टांगायला लाटांचा मार खात होती? तुला जेवू घालायचं होतं तिला. तेवढंच करायचं राहिलंय तिचं."

दाउन खूप रडली. मग तिने स्वतःच मला हातात घेतलं आणि कडकड मोडलं. मला मुळीच दुखलं नाही.

पाण्यात मी असा फुगलो की पातेलं पुरेना. सांगहोने तिळाच्या तेलावर मला परतलं, तिसऱ्यांचे शिंपले घातले, मीठ दोनदा घातलं.

"खारट झालंय, बाबा."

"मग राहू दे."

"राहू दे काय? वाढा अजून."

दुसरी वाटी संपवून तिने लेकीला छातीशी घेतलं. पोर चुटूचुटू दूध प्यायली आणि तृप्त होऊन झोपली. बुन्येने नातीला पाहिलं नाही, पण तिचे कष्ट नातीच्या पोटात पोचले.

आता पातेल्याच्या तळाशी मी थोडासाच उरलोय. तेवढंही उद्या दाउन संपवेल. तुम्हाला एवढीच विनंती आहे: आईच्या हातचं जे काही तुमच्या घरात राहिलं असेल, ते शोभेला ठेवू नका. जेवा.