तरीपण डॉक्टर

गावात दातांचे डॉक्टर आणखीही होते, पण ‘तरीपण डॉक्टर’ एकच. कुणी काहीही सांगितलं तरी “तुमचं बरोबर आहे, तरीपण...” असं म्हणायची त्यांना खोड होती. देश एकसंध ठेवा म्हणणाऱ्या जोडवाल्यांना ते हेच म्हणत आणि वेगळं होऊ द्या म्हणणाऱ्या तोडवाल्यांनाही हेच. त्यामुळे दोघेही त्यांना आपल्यातलं समजत नसत. दात मात्र दोघांचेही दुखत. खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेला माणूस वाद घालू शकत नाही, आणि डॉक्टरांना या धंद्यातलं हेच सगळ्यात आवडे. दवाखान्यात त्यांनी पाटी लावली होती, ‘इथे राजकारणावर बोलू नये’. घरात पाटी नव्हती, पण नियम तोच होता. मुलगा जोडवाला आणि जावई तोडवाला. नियम नसता तर रविवारचं एकत्र जेवण कधीच बंद पडलं असतं.

महिन्यापूर्वी जोडवाल्यांच्या पुढाऱ्याला सभेतून बाहेर पडताना गोळ्या घातल्या, आणि तेव्हापासून डॉक्टरांना नुसतं दमायला होत होतं. माणूस मेला की आधी हळहळायचं आणि मग काय ती मतं मांडायची, एवढी साधी रीतही उरली नव्हती. एक पेशंट म्हणे, “करावं तसं भरावं.” दुसरा म्हणे, “आता एकाच्या बदल्यात दहा.” डॉक्टर दोघांनाही म्हणत, “चूळ भरा.”

गुरुवारी जोडवाल्यांनी शोक म्हणून बाजार बंद करायला लावला. त्याच संध्याकाळी मुलगी नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. जावयाचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं.

“जिन्यात पाय घसरला यांचा,” मुलगी म्हणाली.

जावई खुर्चीत बसला आणि त्याने तोंड उघडलं. त्याचा पुढचा दात अर्धा गेला होता आणि ओठ आतून फाटला होता. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. जिन्यात पडणारा माणूस आधी हात टेकतो; जावयाचे तळवे स्वच्छ होते, हनुवटीवर साधा ओरखडा नव्हता. हा ठोसा आहे, हे त्यांना कळलं. विचारलं तर उत्तर मिळेल, हेही कळलं. आणि उत्तर मिळालं की बाजू घ्यावी लागते. म्हणून त्यांनी दात साफ केला, तात्पुरता भरून दिला आणि म्हणाले, “जिन्यात दिवा लावून घ्या.”

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. मुलगा उशिरा आला आणि डाव्या हाताने जेवू लागला. उजवा हात त्याने मांडीवरच ठेवला होता.

“काय झालं हाताला?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही. दारात सापडला.”

“बघू.”

हात मनगटापर्यंत सुजून लाल झाला होता. मधलं बोट वळत नव्हतं. दारात सापडलेलं बोट टोकाकडे काळंनिळं पडतं. ही जखम मुठीच्या गाठीवर होती, नखाएवढी आणि धारदार कडेची. अशी खूण कशाने होते, हे डॉक्टरांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. जावयाने घाईघाईने पाण्याचा पेला उचलला.

“दाराला दात असतात का रे?” डॉक्टर म्हणाले.

बायको म्हणाली, “जेवताना नको ना. तुमचाच नियम आहे.”

म्हणजे हिलाही माहीत होतं. “आणि मला कुणी सांगणार होतं की नाही?”

“तुम्हाला काय सांगायचं, बाबा?” मुलगी शांतपणे म्हणाली. “तुम्ही म्हणाला असता, तुझं बरोबर आहे, तरीपण.”

एवढी वर्षं लोकांनी ही थट्टा केली होती आणि डॉक्टर हसले होते. आज ती वर्मी लागली.

मुलगा ताटाकडे बघत बोलला. “भाऊजींनी दुकान उघडं ठेवलं होतं. आमच्यातल्या एकाकडे रॉकेलचा डबा होता. मी पुढे झालो, एक ठेवून दिली आणि म्हटलं, झालं, धडा मिळाला, चला आता. नाहीतर दुकान पेटलं असतं.”

“डबा होता, हे खरंय,” जावई म्हणाला. “पण तू मारलंस तेव्हा तुझं तोंड मी बघत होतो. वाचवणाऱ्याचं तोंड तसं नसतं.”

मुलाने सुजलेला हात पुन्हा मांडीवर घेतला.

दोघांचंही बरोबर होतं. डॉक्टरांच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला आणि त्यांना त्याची शिसारी आली. आपल्याच माणसाला वाचवायचं तर त्याचं तोंड फोडायचं, आणि त्यालाच थोडक्यात भागलं म्हणायचं! आणि हे थोडक्यात भागवणं पोर शिकलं कुणाकडून? डॉक्टरांना लाज वाटली.

पण हात तसाच सुजलेला होता. दाताची जखम वरून मिटते आणि आत सांधा कुजतो. दाराची म्हणून मलम लावत बसलं, तर बोट जाणार, कदाचित हातही. ते उठले आणि गावातल्या सर्जनला कळवायला फोनपाशी गेले.

“सर्जनला सांगताय?” बायको घाबरून म्हणाली. “त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. कशाला चव्हाट्यावर?”

“दारच सांगा, बाबा,” मुलगा म्हणाला. “भाऊजींच्या लोकांना कळलं तर ते मला सोडायचे नाहीत.”

डॉक्टरांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने ताट बाजूला सारलं. “हात जाईल त्याचा. खरं ते सांगा. माझ्या लोकांचं मी बघतो,” तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, “जमलं तर.”

डॉक्टरांनी फोनवर जखम दाताची असल्याचं सांगितलं, तसा सर्जन म्हणाला, “दाताची जखम? मग आत्ताच आणा, उघडून धुवावी लागेल. आणि दात कुणाचा? त्याचंही रक्त तपासावं लागेल.”

टेबलावर सगळ्यांचे हात थांबले होते.

“जावयाचा,” डॉक्टर मोठ्याने म्हणाले. “आणि हात मुलाचा. दोघांनाही घेऊन येतो.”

त्यांनी फोन ठेवला आणि गाडीची किल्ली शोधू लागले. जावई उठला, मागोमाग मुलगाही उठला. दोघं दारापाशी अंतर ठेवून उभे राहिले, आधी कुणी बाहेर पडायचं ते ठरेना.

“मागच्या सीटवर मध्ये मी बसते,” मुलगी म्हणाली.