थकण्याचं अंतर

माझा धाकटा नकाशे करतो. कागदावरचे नव्हेत, फोनमधले. तेही कुठल्या कंपनीसाठी नव्हे. ठिकठिकाणची माणसं नोकरीधंदा सांभाळून ते सॉफ्टवेअर लिहितात. कुणीही उघडून पाहावं, सुधारावं, फुकट वापरावं. "म्हणजे सार्वजनिक नळासारखं," मी एकदा म्हटलं, तर तो हसत सुटला. "आई, तू आमच्या सभेत भाषण कर."

माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की नकाशात वयस्कर माणसांसाठी काहीतरी हवं. जिने टाळणारा रस्ता हवा, वाटेत टेकायला कुठे जागा आहे ते हवं. रविवारी तो मला जेवायला न्यायला यायचाच. वाटेतला वाचनालयाजवळचा जिना उतरताना माझा दंड धरायचा. आता तो सकाळी लवकर येऊ लागला.

"इथे दम लागला?"

"इथे नाही, पुढे."

"किती पुढे?"

"अरे, मी काय मोटार आहे का, काटा बघून सांगायला?"

वाटेतल्या एकूण एक बाकावर आम्ही बसलो. तो फोनमध्ये नोंद करायचा: बाकाला पाठ आहे का, सावली आहे का, उठताना धरायला हात आहे का. एकदा त्याने खिशातून संत्रं काढलं, सोललं, आणि लहानपणी मी करायची तसं प्रत्येक फोडीतली बी काढून मला दिली. घरी पोचायला आम्हाला दुप्पट वेळ लागायचा आणि सूनबाई दारातच म्हणायच्या, "आलात? मला वाटलं, दुसऱ्या गावाला गेलात." हे रविवार माझे आहेत, असं मी धरून चालले होते.

मग नवी आवृत्ती आली. त्या दिवशी थोरली लेकही जेवायला होती. पानं उचलल्यावर धाकट्याने 'नवीन काय' मोठ्याने वाचून दाखवलं. जिने टाळून मार्ग. विसाव्याच्या जागा. मोठा, सावकाश आवाज. चालणाऱ्याचा ठिपका घरच्यांना दिसण्याची सोय. आणि थकण्याचं अंतर, म्हणजे न बसता आपण किती चालू शकतो ते. परदेशातल्या एका अनोळखी माणसाने त्याला लिहिलं होतं, माझ्या वडिलांना तुमच्यामुळे पुन्हा बाहेर पडता येतंय. ते त्याने दोनदा वाचलं.

"आता आईचं घर ते आपलं घर," तो म्हणाला. "जिना नको. थकण्याचं अंतर दीडशे मीटर."

आम्ही सगळे त्या पडद्यावर वाकलो. एक गोल फिरला, थांबला, आणि अक्षरं आली: योग्य मार्ग सापडला नाही.

थोरली आधी हसली. "बघ, तुझ्या नकाशालाही कळतं. तिला एकटीला पाठवायचं नाही."

"थांब गं ताई. जिना टाळला की लाकडाच्या वखारीकडून वळसा पडतो, आणि तिकडे बाक नाही. सेटिंगचा प्रश्न आहे."

त्याने बोटाने आकडा सरकवला. दीडशेचे चारशे केले. निळी रेषा माझ्या दारातून निघाली ती वखारीला वळसा घालून थेट त्याच्या दाराशी येऊन टेकली.

"आली!" सूनबाईंनी टाळी वाजवली. "आता तुमचं तुम्हाला येता येईल, आई. ह्यांची वाट बघत बसायला नको."

"पण माझे गुडघे अजून दीडशेवरच आहेत," मी म्हटलं.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

"सवय होते आई. डॉक्टरही चाला म्हणतातच ना?" धाकटा म्हणाला. "आणि तुझा ठिपका मला दिसणार आहे. काळजी कसली?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तिला लांब जायचं होतं.

पुढच्या रविवारी मी एकटी निघाले. त्या वळशाच्या रस्त्याने मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. एके काळी रोजचा होता. धाकट्याची पहिली शाळा वखारीपलीकडेच. जाताना उड्या मारत जायचा आणि येताना वखारीच्या कोपऱ्यावर फतकल मारायचा, "पाय संपले." ह्यांचं म्हणणं, पोरगं ढोंगी आहे, चालू दे, तुझ्या लाडांनी पांगळं होईल. ह्यांचं बरोबर असेलही. पण त्याचे पाय संपले की नाही, हे मी त्यालाच ठरवू द्यायची. घड्याळवाल्याच्या दुकानाला रुंद दगडी पायरी होती, तिथे त्याला मांडीवर घेऊन बसायची. आत साठ घड्याळं आपापल्या वेळेला टिकटिकत असायची आणि घड्याळवाला म्हणायचा, "बसा बाई, इथे वेळच वेळ आहे." मग धाकट्याला कडेवर घेऊन घरी.

वखारीच्या भिंतीला धरून चालले. पिशवीतल्या फोनमधला आवाज सावकाश सांगत होता, सरळ जा, सरळ जा. मांड्या थरथरू लागल्या तेव्हा समोर ती पायरी दिसली. दुकानाचं शटर गंजलेलं, पाटी गेलेली, पायरी मात्र तशीच. मी बसले.

फोन वाजला.

"आई, ठिपका हलत नाहीये. काय झालं?"

"काही नाही. बसलेय."

"तिथे? तिथे बसायला काही नाहीये."

"घड्याळवाल्याची पायरी आहे ना."

"कोण घड्याळवाला?"

मी पायरीवरची धूळ हाताने झटकली.

"पायरी रुंद आहे? म्हणजे माणूस नीट बसू शकतो?"

"दोन माणसं बसतात."

"थांब. तिथेच थांब, आई. हलू नकोस."

मी थांबले. येतोय म्हणून केस नीट केले, पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली आणि पायरीवर जरा सरकून जागा केली. फोनमध्ये मागे त्याच्या घरातली भांडी वाजत होती, कुकरची शिट्टी झाली. तो पायात चपला घालत असेल, असं मला वाटलं.

"झालं," तो म्हणाला. "नोंदवली जागा. मस्त, ही मोठी अडचण सुटली. आता निघ हळूहळू, आम्ही जेवायला थांबलोय."

मी उठले. रेषा डावीकडे जात होती. मी उजवीकडे वळले, आल्या रस्त्याने. आवाज म्हणाला, मागे वळा. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. घरचं दार उघडेपर्यंत तो न चिडता तेच सांगत राहिला.

चपला काढून खुर्चीत टेकले, तेव्हा त्याचा निरोप आला: "आई, तुझा ठिपका उलट्या दिशेला जाताना दिसतोय. नव्या आवृत्तीत काहीतरी गडबड आहे. आज दुरुस्त करतो."