तापाचं घराणं

हबिबोने सुनेची चटई गाढवाच्या पाठीवर टाकली आणि दोराचं टोक दातात धरून गाठ करकचून आवळली.

"आई, निदान हे उंटांना घेऊन परत येईपर्यंत तरी..." इदिल म्हणाली.

"माझ्या लेकाला मी सांगेन. तू आपल्या मेंढ्या घे आणि बापाकडे जा."

इदिलच्या माहेरच्या मेंढ्या काटेरी कुंपणाबाहेर उभ्या होत्या. पाऊस थांबता थांबत नव्हता, गवताळ डबकी तुडुंब भरली होती आणि गावात पहिली गाभडली ती यांतलीच एक. मग हबिबोच्या मेंढ्या गाभडू लागल्या. कोकरं नाकातून रक्त गाळत मेली. नवी जनावरं आली आणि ताप आला. इजाराच्या माळरानावर एवढा हिशोब कुणालाही पुरत होता.

सहरो गाढवाचा कान धरून उभी होती. ही इदिलची नणंद. ती हबिबोची पोटची नव्हती, सवतीची. तिची आई कल्तूमसुद्धा अशीच गाढवावर सामान लादून गेली होती, तेव्हा सहरो रांगत होती. का गेली, हे या घरात विचारायचं नसे.

तेवढ्यात चिखल उडवत जीप आली. जनावरांची डॉक्टर फर्दोसा उतरली. मेलेल्या कोकरांचं रक्त तिनेच तपासायला नेलं होतं.

"कुठे निघाली सून?"

"ज्यांनी ताप आणला, त्यांच्यासोबत," हबिबो म्हणाली.

"त्यांनी नाही आणला, मावशी. या तापाचे विषाणू सगळे सारखे दिसतात, पण त्यांची घराणी वेगळी. दर थोड्या पिढ्यांनी त्यांच्या जनुकांच्या लिखाणात एखादं अक्षर बदलतं. ते जुळवलं की कोण कुणाचा, हे कळतं."

"मेंढीच्या तापाला आजा-पणजा असतो होय? उद्या त्याचं लग्नही लावाल!"

"लग्नावाचूनच वंश वाढतो मेल्याचा." फर्दोसा हसली नाही. "सहरो, तुझे वाडवडील म्हण बघू."

सहरोने बापापासून सुरुवात करून, लहानपणी पाठ केलेली आजा-पणजांची नावं एका दमात म्हटली.

"हा तापही तसाच सांगता येतो. इदिलच्या माहेरी सापडतो तो दुसऱ्या घराण्यातला. तुमच्या कोकरांतला मागच्या महापुरात इथेच सापडला होता, त्याचा वंशज. या डबक्यांच्या मातीत डासांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून असतात, त्यांच्यात हा असतो. पाणी भरलं की डास उठतात. तुमच्या जुन्या मेंढ्यांना त्याची थोडी सवय झालेली. इदिलच्या परक्या, म्हणून आधी त्यांनाच गाठलं."

इदिलने तोंडावर ओढणी धरली.

हबिबो डबक्याकडे पाहत राहिली. मागच्या महापुरात तिचा नवरा एक आजारी मेंढी कापून घरी आला, तापला आणि आठवडा संपायच्या आत गेला. त्याच महिन्यात कल्तूमही या घरातून गेली होती.

"मागचा..." तिने फर्दोसाकडे तोंड वळवलं. "मागचा तरी शेळ्यांबरोबर आला होता ना?"

"कुणाच्या शेळ्या?"

"होत्या कुणाच्या तरी. घरात नव्या आलेल्या."

"नाही मावशी. तोही इथलाच. जुनं रक्त जपून ठेवलंय आमच्याकडे, त्याचंही लिखाण पाहिलं."

हबिबो गाढवाकडे वळली. गाठ सुटेना. इदिल पुढे झाली, तर तिने तिचा हात बाजूला सारला आणि पुन्हा दातच लावले. चटई खाली आली. मग तिने कुंपणाच्या तोंडावरची काट्यांची फांदी ओढून बाजूला केली. बाहेरच्या मेंढ्या धक्काबुक्की करत आत शिरल्या.

"सहरो."

"हं?"

"तुझ्या आईचा नंबर आहे तुझ्याकडे."

सहरोने मोबाइल मुठीत घट्ट धरला. तो नंबर तिने एका मैत्रिणीच्या नावाने लपवून ठेवला होता.

"माहीत आहे मला. लाव."

सहरोने लावला. पलीकडे रिंग वाजू लागली, तसे हबिबोने चिखलाचे हात झग्याला पुसले आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली.