आलुबुखाराच्या झाडावर दोन धागे

"त्याला निजवून आले गं, आता तुझी पाळी."

आईचा तो आवाज झिव्काला अजून ऐकू येई. दिवसपाळी संपवून आई संध्याकाळी घरी यायची. हातांना स्पिरिटचा वास, केसांत पांढऱ्या टोपीचा वळ. खाटेच्या कडेला टेकून आधी हे एक वाक्य म्हणायची आणि मग गाणं धरायची:

नीज माझ्या पाखरा गं, डॅन्यूबवर आलं धुकं,
एक निजलं घरट्यात, एक बाहेर बाई मुकं.

"बाहेर कोण गं, आई?" पाच वर्षांची झिव्का विचारायची.

"गाणं आहे ते. गाण्यात कुणीतरी बाहेर असतंच."

त्या गाण्यात काही लपलेलं असेल, अशी शंका झिव्काला पंचेचाळीस वर्षं कधी शिवली नव्हती. शिवली ती आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्याच्या सकाळी, फाटकापाशी.

त्या दिवशी एक मार्च होता. आदल्या दिवशीच ती सोफिया शहरातून आली होती आणि रिवाजाप्रमाणे काळ्या चौकटीचे दुखवट्याचे कागद तिने स्वतःच्या हातांनी डकवले होते. एक फाटकावर, एक बसथांब्यावर, एक पावाच्या दुकानापाशी. 'नेदा, मुलांच्या दवाखान्यातली परिचारिका. चाळीस दिवस. तुझी एकुलती लेक, झिव्का.' आईचा म्हातारपणीचा, चष्म्यातला फोटो.

सकाळी फाटक उघडलं, तर तिच्या कागदाशेजारी दुसरा कागद. तशीच काळी चौकट. पण फोटोतली आई तिशीचीही नव्हती. पांढरी टोपी, पांढरा झगा आणि कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं एक तान्हं. झिव्का लहानपणी गुटगुटीत होती, हे बाळ वाळक्या शेंगेसारखं. खाली लिहिलं होतं: 'चाळीस दिवस, आई, तुझ्याविना. तुझ्या हातांची ऊब अजून आहे. तुझा मुलगा.'

नाव नाही. गाव नाही.

पलीकडच्या घरातली वांगेल्या केव्हाचीच येऊन उभी होती. चाळीस वर्षं आईच्या बरोबरीने त्याच वॉर्डात राबलेली. गल्लीतला प्रत्येक कागद मोठ्याने वाचल्याशिवाय तिला सकाळची कॉफी गोड लागत नसे. आज मात्र ती फाटकाकडे पाठ करून उभी होती.

"मावशी, हा कुणी लावला?"

"चष्मा घरी राहिला गं माझा."

"काल पावाच्या दुकानापाशी माझ्या कागदातली चूक बरी दिसली बिनचष्म्याची!"

"ती मोठ्या अक्षरात होती." वांगेल्याने ओढणी हनुवटीखाली आवळली. "लावला असेल कुणीतरी. तुझ्या आईने काय थोडी पोरं जगवली? अर्ध्या गावाच्या टाळूला तान्हेपणी तिने सलाइनची सुई लावलीय. अंत्ययात्रेला बघितलंस ना? तो दाढीवाला पोलीस कसा ओक्साबोक्शी रडत होता. सातव्या महिन्यात जन्मलेला, मुठीएवढा होता."

"पोलीस तिला सिस्टर म्हणाला. आई नाही म्हणाला."

झिव्काचा हात कागदाकडे गेला तशी वांगेल्या कडाडली, "अगं ए! त्याला हात लावू नकोस. दुखवट्याचा कागद माणसाने काढायचा नसतो. पावसाने भिजेल, वाऱ्याने जाईल, तेव्हा जाईल."

झिव्काला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इथे पोरंसोरंही तो कागद ओरबाडत नाहीत. तरी तिने तो फर्रकन ओढला. खालचा कोपरा फाटकालाच चिकटून राहिला. त्यावर 'तुझा' एवढाच शब्द उरला. बाकीचा चुरगळून तिने कोटाच्या खिशात कोंबला.

"शहरात राहून फार हिंमतवान झालीस," वांगेल्या म्हणाली आणि आपल्या घरात निघून गेली. दाराची कडी तिने दोनदा लावली. झिव्काने तेही मोजलं.

कबरीवर वाटायच्या शिजवलेल्या गव्हात साखर कालवताना तिच्या मनात एकामागून एक दारं उघडत गेली. बाप समुद्रावर गेला तो परतलाच नाही, तेव्हा ती वर्षाची होती. त्यानंतर आई कुणाबरोबर? घर, अंगण, कोंबड्यांचं खुराडं, या साऱ्यावर हक्क सांगायला कुणी येतंय का? पण घराचं तिला फारसं काही नव्हतं. सलत होता तो शब्द. आई. दिवसभर वॉर्डातली चाळीस पोरं तिच्या आईला वाटून घ्यायची. संध्याकाळी जी काय उरेल ती सगळीच्या सगळी आपली, याच हिशेबावर झिव्का मोठी झाली होती. त्यात आणखी एक वाटेकरी असेल, तर तिच्या वाट्याला आलं होतं तरी काय?

तिने खिडकीतून अंगणातल्या आलुबुखाराकडे पाहिलं. झाडावर अजून पान नव्हतं. गेल्या वर्षीचे धागे विटून फांदीला लोंबत होते.

धागे.

दर एक मार्चला आई तिच्या मनगटाला लाल-पांढरा धागा बांधायची. आभाळात पहिला करकोचा दिसला की तो सोडून झाडाला बांधायचा. पण फांदीवर दरवर्षी दोन धागे असत. दुसरा आईचा, असं ती आजवर धरून चालली होती. आज साखरेत बोटं बुडालेली असताना तिला पहिल्यांदा आठवलं की आईच्या मनगटावर कधी काहीच नसायचं. घड्याळसुद्धा झग्याला टाचलेलं. "तान्ह्याच्या अंगाला उघडा हातच लागला पाहिजे," ती म्हणायची. लग्नाची अंगठीही तिने याच कारणाने काढून ठेवली होती.

मग दुसरा धागा कुणाचा?

ती पातेलं तसंच टाकून अंगणात गेली. फांदीवर धागे दोनच. एक तिने स्वतः सोफियाहून पाठवलेला. दुसरा जाड, गाठीला गाठ मारलेला. बाईमाणसाच्या मनगटाला तो दोन वेढे बसला असता.

दुपारी कबरीवर पाच-सहा म्हाताऱ्या आल्या. पाद्री घाईने प्रार्थना म्हणून गेला. झिव्काने मातीवर लाल वाइन ओतली, द्रोणांतून गहू वाटले. वांगेल्या आली होती, पण झिव्काच्या नजरेला नजर देत नव्हती. शिवाय तिने आपला द्रोण उचलून पलीकडे नेला, कारण अलीकडे योर्दान्का उभी होती. कोपऱ्यावरच्या घरातल्या योर्दान्काशी वांगेल्या का बोलत नाही, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द योर्दान्कालाही नाही.

मेणबत्त्या लावायला झिव्का वाकली, तर क्रुसाला नवा कोरा लाल-पांढरा धागा बांधलेला. तिने मान वर केली. सरूच्या झाडाखाली एक उंच, किडकिडीत माणूस टोपी हातात धरून उभा होता. अंगात बस कंपनीचा निळा स्वेटर, काखेत पुठ्ठ्याची पेटी. सगळ्या म्हाताऱ्या त्याच्याकडे बघत होत्या. एकटी वांगेल्या बघत नव्हती.

झिव्का तरातरा गेली. "कोण तुम्ही?"

"लाजार."

"फाटकावरचा कागद तुमचा?"

"हो. तुम्ही फाडलात, तेव्हा मी बसथांब्यावर होतो." आवाजात राग नव्हता. "राहू द्या. माझ्याकडे दुसरा आहे. पण तुम्ही नको म्हणाल तर नाही लावणार."

"माझ्या आईला तुम्ही आई कोणत्या नात्याने म्हणता?"

त्याने वांगेल्याकडे पाहिलं. वांगेल्या सुस्कारा टाकून पुढे आली. "सांग बाबा. नेदाने शपथ घातली होती ती मला. तुला नाही."

तो सांगू लागला, बसमधली माणसं थांबे सांगतात तसा, एकेक. त्याला जन्म देणारी तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून निघून गेली. तो त्याच वॉर्डात वाढला, तीन वर्षं. एका हिवाळ्यात हीटर बंद पडले, तेव्हा नेदा सिस्टर त्याला झग्याच्या आत छातीशी बांधून दोन पाळ्या फिरली. रोज संध्याकाळी त्याला निजवल्याशिवाय ती घरी जात नसे.

"एक निजलं घरट्यात..." तो हलकेच म्हणाला.

"माहीत आहे पुढचं," झिव्का तुटकपणे म्हणाली.

"मी तुमच्या घरी दोन रविवार आलो होतो. तुम्ही मला लाकडी घोडा दिला होता, ती सांगायची. तुम्हाला आठवत नसेल. ती मला दत्तक घेणार होती, कागद तयार होते. मग अडले. मला दुसऱ्या गावच्या अनाथाश्रमात नेलं. ती दर एक मार्चला तिथे यायची, धागा बांधायला. करकोचा दिसला की मी तो सोडून पाकिटातून तिला पाठवायचो. बस चालवायला लागलो तेव्हाही. गेल्या वर्षीपर्यंत."

"मग मला कधी सांगितलं का नाही तिने?"

"ते मी विचारलं होतं. म्हणाली, तिला कळलं तर ती उगाच विचार करत बसेल."

"का अडले कागद?"

आता वांगेल्या उसळली. "का म्हणजे? कुणीतरी चुगली केली! पालिकेची बाई आली होती चौकशीला. तिच्या कानावर कुणीतरी घातलं की रात्रपाळीला नेदा पोरीला कुलूप लावून एकटी टाकून जाते. झालं! एक पोर सांभाळता येत नाही, दुसरं कसं देणार? मला विचारशील तर त्या कोपऱ्यावरच्या भवानीचं काम. पंचेचाळीस वर्षं मी तिला साधा नमस्कार केला नाही. आणि तुझी आई? कुणाचं नाव तिने घेतलं नाही. उलट योर्दान्काच्या दारात नाताळचा पाव नेऊन द्यायची! मी म्हटलं, नेदा, तुला काही वाटतं की नाही? तर म्हणाली, तिने नाही सांगितलं, वांगेल्या. मी विचारलं, मग कुणी? तर गेली कपडे वाळत घालायला."

सरूखाली वारा सुटला. लाजारने पेटी उघडली आणि रिवाजाप्रमाणे आधी घरच्या माणसापुढे धरली. आत पिठीसाखरेत घोळलेला गुलाबी लोकूम होता, मऊ, चिकट वड्यांचा.

झिव्काने गुलाबी लोकूम जन्मात तोंडात घातला नव्हता. घशात काहीतरी अडकतं, असं ती सांगायची आणि तिला स्वतःलाही ते खरं वाटे. आज त्या वडीकडे बघता बघता ते काय होतं ते तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. करड्या कोटातली एक बाई. स्वयंपाकघरातलं स्टूल. आई चहाला पाणी आणायला विहिरीवर गेलेली. बाईच्या पिशवीतून निघालेली गुलाबी वडी, आणि तिचा गोड आवाज: आई रात्री कुठे असते गं, राणी?

आई घागर घेऊन परत आली, तेव्हा झिव्काच्या ओठांना साखर लागली होती. आईने एप्रनच्या टोकाने ती पुसली. बाईकडे बघितलं, मग झिव्काकडे. काही विचारलं नाही. त्यानंतरही कधीच विचारलं नाही.

झिव्काने खिशातून चुरगळलेला कागद काढला आणि तळहातावर सरळ करू लागली. सुरकुत्या जात नव्हत्या.

"मावशी," ती म्हणाली, "जाऊन योर्दान्का काकूशी हात मिळव. मी पुढचं सांगण्याआधी."

"का म्हणून?"

झिव्का लाजारकडे वळली. इतका वेळ तिने त्याला तुम्ही म्हटलं होतं.

"लाजार, ऐक. पालिकेच्या त्या बाईला मी सांगितलं. आई रात्री कुलूप लावून जाते आणि मला भीती वाटते, असं मीच सांगितलं. तिने मला लोकूम दिला होता. आणि तिने विचारलं, तुला भाऊ हवा का? मी म्हटलं, नको."